शुक्राची हवा आणि बाबांचं कॉम्प्युटर

पत्र : मुलगी अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय. रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचा कार्यक्रम पाहून आली तेव्हापासून एकच धरून बसली आहे, यानातून शुक्राच्या हवेचा अभ्यास करायचा. तिचे बाबा म्हणतात, इस्रोत जायचं ना, मग कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर. पोरगी ऐकून नाही राहिली, फिजिक्सच म्हणते. फिजिक्स करून शेवटी मास्तरकीच ना? आम्ही काय करावं? (एक आई, मानेवाडा, नागपूर)

ताई, नमस्कार.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इस्रोची मोठी भरती निघते ती बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांची. त्यातून आत गेलेल्या माणसाला यान बांधायला, तपासायला, चालवायला मिळतं. काम मानाचं आहे, पगार चांगला आहे. पण शुक्रावरचे ढग का पळतात हा प्रश्न त्याच्या टेबलावर येईलच असं नाही. गोंदियाकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, त्यालाही ग्रहच हवे होते. इंजिनीअर झाला, एका अंतराळ केंद्रात लागला, आज सर्किटं तपासतो. मजेत आहे, पण ग्रहांचं नाव काढलं की हसून विषय बदलतो. तुमच्या लेकीला यान चालवायचंय की यानाने पाठवलेलं वाचायचंय, हे आधी तिलाच विचारा. पत्रावरून मला तरी दुसरं वाटतं, आणि त्या कामाचा रस्ता फिजिक्समधून जातो.

‘शुक्राच्या हवेचा अभ्यास’ हे ऐकायलाच हवेतलं वाटतं, म्हणून काम काय असतं ते जरा सविस्तर सांगतो. शुक्राच्या जमिनीवर ४६० अंशांच्या वर तापमान आणि आपल्या नव्वदपट दाब. आपला मे महिना त्यापुढे महाबळेश्वर! सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि जेमतेम दोन तास टिकलं. त्यामुळे वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं तर वरून घिरट्या घालतच ठेवावं लागतं. वरून पाहावं तर खाली सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांची जाड गोधडी, साध्या डोळ्याला काहीच दिसत नाही. मग वेगवेगळे ‘डोळे’ वापरायचे. अतिनील प्रकाशात ढगांवरचे पट्टे उमटतात, त्यांचा माग काढला की वाऱ्याचा वेग मिळतो. अवरक्त किरणांच्या काही ठरावीक पट्ट्यांत रात्रीच्या बाजूला खालची उष्णता ढगांतून वर झिरपते, त्यावरून आतलं कळतं.

मला सर्वांत आवडते ती तिसरी युक्ती. उन्हाळ्यात दुपारी वर्धा रोडवर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं ना? तापलेल्या डांबरावरची हवा विरळ होते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो. यान शुक्राच्या मागे लपायला जातं तेव्हा त्याची रेडिओलहर शुक्राच्या हवेतून अशीच वाकत आपल्यापर्यंत येते, आणि तिची वारंवारता किंचित सरकते. त्या सरकण्यावरून कोणत्या उंचीवर किती तापमान आणि किती दाब, याचा हिशेब मांडता येतो. जपानने शुक्राकडे पाठवलेल्या ‘अकात्सुकी’ यानाच्या अशा लहरी बंगळूरजवळच्या ब्यालालू इथल्या आपल्या अँटेनानेही टिपल्या आहेत. म्हणजे हे काम भारतात होत नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

अकात्सुकीची हकिगत तिच्या बाबांनाही सांगा. डिसेंबर २०१० मध्ये ते शुक्रापाशी पोचलं, ऐन वेळी मुख्य इंजिन बिघडलं आणि यान पुढे निघून गेलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरत राहिलं. ७ डिसेंबर २०१५ ला जपानी मंडळींनी, यानाची दिशा वळवायला असतात त्या छोट्या थ्रस्टरांवर ते कक्षेत बसवलं. आणि लगेच त्याच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ढगांच्या माथ्यावर सुमारे दहा हजार किलोमीटर लांबीची धनुष्यासारखी एक कमान दिसली. भोवतीचे ढग ताशी साडेतीनशे किलोमीटरने धावतायत आणि कमान आपली जागच्या जागी! खाली अफ्रोडाइट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, त्याच्यावरून जाणाऱ्या हवेत उठलेली लाट पासष्ट किलोमीटर वर पोचली होती. हे ज्यांनी ओळखलं ते वायूंचं गणित येणारे लोक. तुमच्या लेकीला बसायचंय ते त्यांच्या पंगतीला.

आता रस्ता. क्लासची फी भरलीच आहे, तर जेईई सोडू नका. तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाची आयआयएसटी ही संस्था आहे, तिथला प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरून होतो. तिथे इंजिनीअरिंग फिजिक्सचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम आहे. बाबांना इंजिनीअरिंग मिळेल, तिला फिजिक्स. जागा मोजक्या, म्हणून त्यावरच विसंबू नका. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते, पाच वर्षांत बीएस-एमएस होतं, आणि नागपूरहून पुण्यापेक्षा भोपाळचं आयसर जवळ पडतं. भुवनेश्वरच्या नायसर या अशाच संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा. यातलं काहीच जमलं नाही तर इथल्या शासकीय विज्ञान संस्थेतून बीएस्सी आणि पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभागही आहे. घरी राहून बीएस्सी केली म्हणजे पोरगी मागे पडली, असं अजिबात नाही. उलट खर्च वाचतो.

खरी शाळा पीएचडीची. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल, आणि तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रातली स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी, ही दोन नावं लिहून ठेवा. मंगळयानावर मंगळाच्या अगदी वरच्या विरळ हवेतले वायू ओळखणारं ‘मेन्का’ नावाचं उपकरण होतं, ते याच लॅबोरेटरीचं. अशा ठिकाणी नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षांमधून कनिष्ठ संशोधक म्हणून घेतात. पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडीला तुमच्या खिशातून फी जाणार, ही भीती काढून टाका.

मास्तरकीबद्दल म्हणाल तर, त्यात कमीपणा काय आहे? पण तेवढंच नाही. शुक्राचे वारे आणि आपला मान्सून एकाच भौतिकशास्त्राने समजतात, म्हणून या वाटेवरचे लोक पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत किंवा हवामान खात्यात जाऊ शकतात. सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, एकदा तिला दाखवून आणा. आणि बाबांचं कॉम्प्युटर वाया जात नाही, या कामात दिवसातले सहा तास प्रोग्रामिंगच असतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आजपासून शिकू दे.

कडू तेही सांगतो. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटते, आणि जागा थोड्या. त्या काळात घरातून दर दिवाळीला ‘आता स्थळ पाहू का’ सुरू झालं की चांगल्या चांगल्या मुलींची वाट मोडते. मी पाहिलंय, म्हणून लिहितो.

वेळ मात्र तिच्या बाजूने आहे. आपल्या शुक्रयानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटींची मंजुरी दिली, तेव्हा प्रक्षेपणाचं लक्ष्य मार्च २०२८ होतं. ते गाठलं तर ती पीएचडीला बसेल तोवर वाचायला माहितीचा डोंगर तयार असेल. उशीर झाला तरी तिचं काही बिघडत नाही.

शेवटी तिला एक काम द्या. अकात्सुकीची छायाचित्रं जपानच्या अवकाश संस्थेने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. दोन तासांच्या अंतराने घेतलेली दोन अतिनील चित्रं, शुक्राचं बिंब सतरा सेंटिमीटरचं येईल अशी छापा. बिंबाच्या मध्याजवळचा एखादा ढगाचा पट्टा दोन्हींत शोधून तो किती सरकला ते पट्टीने मोजायचं. शुक्राचा व्यास १२,१०० किलोमीटर, बाकी त्रैराशिक. सरकणं एक सेंटिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे. चित्रं शोधण्यात आणि मोजण्यात तिचा रविवार गेला आणि जेवायचंही भान राहिलं नाही, तर फिजिक्सला हो म्हणा. अर्ध्या तासात कंटाळली, तर बाबांशी पुन्हा बोला. आकडा किती आला ते मला नक्की कळवा.