अल्फा ओमेगा अल्फाचे सदस्यत्व आणि शुल्क मागणारे ईमेल

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या नाशिकमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अमेरिकेत शिकणाऱ्या तिच्या मामेभावाची ‘अल्फा ओमेगा अल्फा’ या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसंस्थेवर निवड झाली, आणि नेमके त्याच सुमारास तिलाही कोणा ‘ऑनर सोसायटी’चे डॉलरमध्ये शुल्क मागणारे निमंत्रण आले, ते पैसे भरावेत का आणि असा मान नसल्यास अमेरिकेतील रेसिडेन्सी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण) हुकेल का, असे आपण विचारले आहे.

पैसे भरू नयेत. भाच्याला मिळालेला मान आणि हे निमंत्रण यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

अल्फा ओमेगा अल्फाची स्थापना १९०२ मध्ये शिकागो येथे विल्यम रूट या विद्यार्थ्याने आपल्या काही सहाध्यायींसह केली. नावातील तीन अक्षरे ‘पीडितांच्या सेवेस पात्र असावे’ अशा अर्थाच्या ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरे आहेत. तिथे बाहेरून अर्ज करून प्रवेश मिळत नाही. वर्गातील वरच्या चतुर्थांशात असणे ही परंपरेने पहिली पायरी, आणि त्यानंतर नेतृत्व, सचोटी, संशोधन व सेवा पाहून त्या महाविद्यालयातील संस्थेची शाखाच निवड करते. म्हणजे ज्यांनी विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे वॉर्डात काम करताना पाहिले, त्यांचा तो अभिप्राय असतो. ‘गोल्ड ह्यूमॅनिझम ऑनर सोसायटी’ तर रुग्णांशी असलेल्या वागणुकीला महत्त्व देते आणि निवडीत सहाध्यायींचे मत विचारात घेते. मला स्वतःला ही पद्धत अधिक भावते, कारण रात्रपाळीला बरोबर उभा असणारा मित्र सहसा फसत नाही.

या मानालाही वादाची किनार आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय व आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची अल्फा ओमेगा अल्फावर निवड होण्याची शक्यता श्वेतवर्णीयांपेक्षा कमी आढळली, आणि पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनायसारख्या काही महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची निवड थांबवली.

भारतात एमबीबीएस करणाऱ्या मुलीला विद्यार्थिदशेत हे सदस्यत्व मिळणे शक्यच नाही, आणि रेसिडेन्सीची निवड करणाऱ्यांना ते ठाऊक असते. त्यामुळे अर्जातील तो रकाना रिकामा राहिला म्हणून तिची गैरसोय होईल असे मानू नये. यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या सीके (क्लिनिकल नॉलेज) परीक्षेतील गुणांचे वजन वाढले आहे. त्याच्या जोडीला तिला जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतील. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना एमबीबीएस करतानाच घेता येते. विषय आणि मार्गदर्शक ठरवण्यासाठी तिने आताच कम्युनिटी मेडिसिन विभागात जाऊन बोलावे.

पुढे अमेरिकेत रेसिडेंट झाल्यावर तेथील शाखा रेसिडेंटांमधूनही काहींची निवड करते, तेव्हा ते दार तिला कायमचे बंद झालेले नाही.