ग्लायडर माझ्याच डोक्यावरून मागे जातो, काय करू?

(यावेळी पत्रं बहुतेक इंग्लंड-वेल्समधल्या वाचकांची, कारण तिकडं सध्या वारा सुटलाय आणि आपली पोरं डोंगरावर मॉडेल ग्लायडर (रिमोटवर उडणारं, इंजिन नसलेलं छोटं विमान) घेऊन कुडकुडत उभी आहेत. मी स्वतः मूळचा साताऱ्याचा, सोळा वर्षं तिकडं काढली आणि त्यातले निम्मे रविवार असेच घालवले. शेवटी पुण्याचं एक पत्र आहे, ते मुद्दाम ठेवलंय.)

प्रश्न : काका, मी डर्बीला नोकरी करतो. मागच्या वर्षी फोमचा फ्लाइंग विंग (शेपूट नसलेला, नुसत्या पंखाचा ग्लायडर) घेतला, दीड मीटरचा, वजन ७०० ग्रॅम. उन्हाळ्यात मॅम टॉर डोंगराजवळच्या धारेवर झकास उडायचा. डिसेंबरमध्ये गेलो तर फोनवर वारा २० मैल दाखवत होता, म्हणलं चला, भरपूर लिफ्ट (डोंगराला धडकून वर चढणारी हवा) मिळेल. फेकला आणि तो सरळ वर गेला, मग हळूहळू माझ्या डोक्यावरून मागे, आणि मागच्या शेतात. असं तीनदा झालं. मॉडेल हलकं असलं की चांगलं उडतं ना? मग अजून हलकं करू का?

उत्तर : अजिबात नको. उलट जड करा. हे ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो, माझाही पडला होता, पण आधी गणित बघा.

फोनवरचा आकडा मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. तोच वारा डोंगराला धडकला की हवेला जायला जागा कमी पडते आणि ती माथ्यावरून घाईघाईत निघते, त्यामुळे खाली २० मैल असेल तर कड्यावर ३० लागायला वेळ लागत नाही. ३० मैल म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. तुमचा ७०० ग्रॅमचा विंग हवेतून साधारण ४० किलोमीटरने पुढे जातो असं धरू. म्हणजे त्याने नाक वाऱ्याकडे ठेवून प्रामाणिकपणे पुढे जायचं ठरवलं तरी जमिनीच्या हिशोबात तो ताशी ८ किलोमीटरने मागे येणार, जॉगिंग करणाऱ्या माणसाच्या स्पीडने. तुमच्याबाबतीत नेमकं हेच झालं, विंगची काही चूक नाही.

आता ३०० ग्रॅम शिसं घाला. वजन १००० झालं. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या हिशोबात वाढतो, त्यामुळे ४० चे साधारण ४८ होतात आणि ग्लायडर जागच्या जागी थांबतो, शिवाय रिमोटवरून नाक जरासं खाली राहील असं सेट (ट्रिम) केलं की पुढे सरकायला लागतो. जड झाल्यावर तो खाली पण थोडा जोरात बसतो हे खरं, पण थंडीतल्या वाऱ्यात त्याची काळजी कोणाला? २० अंशाच्या उताराला ४८ किलोमीटरचा वारा लागला की हवा सेकंदाला ४ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर ढकलते, फोमचा विंग सेकंदाला १ मीटरच्या आसपास खाली येतो. लिफ्ट एवढी आहे की उधळून टाका. तुम्हाला कमी पडतोय तो पुढे घुसण्याचा जोर.

शिसं कुठं घालायचं तर बरोबर सीजीवर, म्हणजे जिथं दोन बोटांवर विमान तोललं जातं तिथं. तिकडं छपराच्या कामाचं शिशाचं पत्र्यासारखं भेंडोळं मिळतं, त्याच्या पट्ट्या कापायच्या, चिकटपट्टीत नीट गुंडाळायच्या (हात धुवा नंतर, शिसं आहे ते, आणि लगेच सँडविच खाऊ नका), फोममध्ये कटरने खाच पाडून बसवायच्या आणि वरून ती दोऱ्याची फायबर टेप आडवी-उभी मारायची. नुसती खुपसून ठेवलीत तर पहिल्याच आपटीत शिसं बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर येतं. घातल्यावर परत तोलून बघा, आणि सोसाट्याच्या दिवशी सीजी दोन-तीन मिलीमीटर पुढे असला तर नवशिक्याला बरं पडतं, विमान कमी उड्या मारतं.

अजून एक, अगदी कड्याच्या टोकावर उभं राहून फेकू नका. वारा तिथंच सगळ्यात जास्त पळतो. समोरच्या उतारावर दहा-वीस पावलं खाली उतरा, नाक किंचित खाली ठेवून वाऱ्यात सरळ आणि जोरात फेका, वर फेकायचं नाही, आणि तो बाहेर लांब गेल्याशिवाय वळवू नका. वळवायचा तो कायम डोंगरापासून दूर, वाऱ्याकडे. डोंगराकडे वळवलात तर विंगचे ४८ आणि वाऱ्याचे ४८ बेरीज होतात.

हातात धरायचं वारा मोजायचं छोटं यंत्र घ्या, फोन बघत बसू नका. वारा १५ वरून ३० मैल झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि थंड हवा जड असते, शून्य डिग्रीची हवा आपल्याकडच्या ३० डिग्रीच्या हवेपेक्षा जवळपास १० टक्के घट्ट, त्यामुळे मे महिन्यातला आणि जानेवारीतला तोच आकडा हाताला वेगळा लागतो.

प्रश्न : लीड्सहून लिहितेय. बोटं बधिर होतात, हातमोजे घातले तर स्टिक कळत नाही. आणि विमानातल्या रिसीव्हरची बॅटरी घरी फुल दाखवते, डोंगरावर अर्ध्या तासात अलार्म. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : बहुतेक बॅटरी ठीक आहे, तिला थंडी वाजतेय. थंडीत कुठल्याही बॅटरीचा जोर उतरतो. उडवायच्या वेळेपर्यंत आतल्या खिशात ठेवा, अंगाला लागून. लिथियमची असेल तर गारठलेली असताना गाडीत चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडते. हातांसाठी ट्रान्समीटर मिट घ्या, म्हणजे रिमोटवर चढवायची एक जाड पिशवी, वर पारदर्शक खिडकी आणि बाजूने हात घालायला दोन बाह्या. दिसायला गंमत वाटते, आमच्या हिने त्याला रिमोटची गोधडी म्हणलं होतं, पण आत उघड्या बोटांनी स्टिक धरता येते. आणि डिसेंबरमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो हे विसरू नका, नैर्ऋत्येच्या उतारावर दुपारी दोननंतर तो थेट डोळ्यात असतो आणि विमान नुसतं काळं दिसतं, येतंय का जातंय कळत नाही. पंखाच्या खालच्या बाजूला रुंद गडद पट्टे मारा, वरची बाजू वेगळ्या रंगाची ठेवा.

प्रश्न : मी कार्डिफचा, बुल्खच्या डोंगरावर जातो, आता उडवणं जमतंय, वजन पण घालतो. पण उतरवताना दरवेळी काहीतरी मोडतं. तिथले जुने लोक जोराच्या वाऱ्यात पण अलगद ठेवतात. त्यांचं काय गुपित आहे?

उत्तर : गुपित एवढंच की ते फेकायच्या आधी उतरवायची जागा ठरवतात. चालत जाऊन बघून येतात, दगड कुठं, कुंपणाची तार कुठं, मेंढ्या कुठं बसल्यात, आणि मग डबा उघडतात. आपण उलटं करतो.

माझा किस्सा सांगतो. जानेवारी, वायव्येचा वारा, कोल्ड फ्रंट (थंड हवेची आघाडी) नुकतीच पुढे सरकलेली, आकाश असं निळं की बघत राहावं. असा दिवस फसवा असतो, फ्रंटच्या मागची हवा झटक्याझटक्यानं येते, पावसाची सर जवळ आली की दहा मैल एकदम वाढतात. माझ्याकडे दोन मीटरचा फायबरचा ग्लायडर, सहा महिने पैसे साठवून घेतलेला. अर्धा तास असा उडवला की स्वतःवरच खूश. मग मागच्या सपाट गवतावर उतरवू म्हणून आणला कड्याच्या मागे. तिथं गेल्यावर त्याच्या खालची हवाच काढून घेतल्यासारखं झालं. एक पंख वर उडाला, दुसरा खाली, आणि चार मीटरवरून नाकावर. आवाज अजून आठवतो, पापड मोडल्यासारखा. शेपूट एकीकडे, बाकी सगळं भारद्वाजाच्या घरट्यासारखं. तुकडे वेचायला चाळीस मिनिटं लागली, आणि बुटाला मेंढीच्या लेंड्या.

झालं काय, तर कड्यावरून वेगाने आलेली हवा मागच्या बाजूला खाली चिकटत नाही, तिथं ती गोल गोल फिरते, तिला रोटर म्हणतात. नदीत मोठ्या दगडाच्या मागे पाणी भोवरा खातं ना, तेच. कडा जितका धारदार तितका भोवरा वाईट. तुमच्या बुल्खला वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले उतार आहेत ही चैन आहे, त्यातला गोल माथ्याचा उतार निवडा, तिथं हवा माथ्याला धरून सरकते.

आणि मागे उतरवायचंच नाही असं ठरवलं तर काय, तर समोरच्या उतारावरच उतरवा. मी आता असंच करतो. विमान बाजूने आणायचं, उताराला समांतर, आपल्यापेक्षा जरा खालून. मग हलकेच डोंगराकडे वळवायचं (हो, वर सांगितलेल्या नियमाच्या उलट, म्हणून पहिल्या महिन्यात हे करू नका), चढ समोर आला की वेग आपोआप मरतो, त्याच क्षणी नाक परत वाऱ्याकडे फिरवायचं आणि गवतात ठेवायचं. शेवटच्या दोन मीटरमध्ये जमिनीजवळ वारा कमी असतो, म्हणून विमानाचा हवेतला वेग अचानक पडतो, त्यासाठी हाताशी थोडा जास्त स्पीड ठेवा. ज्यांच्याकडे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला, आतल्या बाजूच्या हलत्या पट्ट्या) आहेत त्यांनी फ्लॅप खाली आणि एलेरॉन (टोकाकडच्या पट्ट्या) वर, हे ब्रेक आधी उंचावर चालवून बघावेत, कारण नाक वर जातं का खाली जातं ते प्रत्येक मॉडेलला वेगळं.

जमलं नाही तर परत बाहेर काढा. लिफ्ट भरपूर आहे, पेट्रोल संपत नाहीये. चौथ्या फेरीला उतरवणारा माणूस कमी मोडतो. आणि शर्यतवाल्यांकडे बघून हुरळून जाऊ नका, त्या एफथ्रीएफ प्रकारात १०० मीटरच्या टप्प्यात १० फेऱ्या मारायच्या असतात आणि नियमानं सेकंदाला २५ मीटर वाऱ्यापर्यंत स्पर्धा चालते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. त्यांची विमानं त्यासाठीच बांधलेली असतात, पंखात शिशाच्या किंवा पितळेच्या कांड्या भरून.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा, आम्ही लेस्टरला. त्याला हे करायचंय. धोका किती?

उत्तर : ताई, वाऱ्यात एक किलोचं मॉडेल कोणाच्या डोक्यात बसलं तर गंभीर आहे, ते लपवत नाही. म्हणून पहिलं विमान ईपीपी फोमचंच, आपटलं तरी उसळतं आणि समोरच्यालाही कमी लागतं. पॅराग्लायडिंगवाले हवेत आले की आपण बाजूला, वाद घालायचा नाही. चालणाऱ्या लोकांच्या डोक्यावरून नेऊ नये. बीएमएफएचं (तिकडची मॉडेल विमानवाल्यांची संघटना) सभासदत्व घ्या, त्यात विमा येतो, आणि जवळच्या क्लबात एखादा पेन्शनर काका नक्की भेटेल जो शिकवायला टपलेलाच असतो. सीएएचा (तिकडचं नागरी उड्डाण खातं) ऑपरेटर आयडी तुमच्या नावावर लागेल, त्याला अठरा वर्षं पूर्ण लागतात, आणि तो नंबर मॉडेलवर चिकटवायचा. पहिले चार-पाच रविवार १५ मैलांच्या वर वारा असेल तर घरी बसा. रुसेल तो. रुसू द्या.

प्रश्न : ठाण्याहून. व्हिडिओत बघितलं, इंजिन नसलेला ग्लायडर ताशी ८०० किमीच्या वर गेला म्हणे. थापा ना?

उत्तर : थापा नाहीत. डोंगरामागच्या ज्या भोवऱ्याची मी भीती घातली, तिथंच ते लोक मुद्दाम जातात. माथ्याच्या वर पळणारी हवा आणि मागे जवळजवळ शांत हवा, या दोन थरांमध्ये गोल गोल फिरायचं, प्रत्येक फेरीत थर ओलांडताना थोडा थोडा वेग मिळतो. समुद्रावर अल्बट्रॉस पक्षी हेच करतो, आणि लॉर्ड रॅलेनं १८८३ मध्ये हे कागदावर मांडलेलं. पंख कार्बनचे असतात आणि वेगात आवाज असा येतो की मान आपोआप खाली जाते. बघायला जा, करायला नको.

प्रश्न : सर, मी पुण्यात असतो. आपल्या सह्याद्रीत एवढे कडे आहेत, हिवाळ्यात सिंहगडावर हे जमेल का?

उत्तर : सिंहगड नको. रविवारी तिथं पिठलं-भाकरी खाणाऱ्यांच्या डोक्यावरून काय नेणार? खाली खडकवासल्याला एनडीए आहे तेही लक्षात घ्या. उडवायच्या आधी डिजिटल स्कायच्या (ड्रोन आणि मॉडेल विमानांसाठीची सरकारी वेबसाइट) नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे का बघा, हे सगळीकडेच लागू.

पण खरी अडचण वाऱ्याची आहे. वर ज्यांची पत्रं आली त्यांचा हिवाळा म्हणजे अटलांटिकवरून एकामागून एक येणारी वादळं. आपला हिवाळा म्हणजे संक्रांतीला पतंगसुद्धा कधीकधी ओढून ओढून चढवावा लागतो. आपल्याकडे सोसाट्याचा वारा आषाढात, पश्चिमेकडून. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला उलटा धबधबा बघितलाय ना, पाणी खाली पडायच्या ऐवजी अंगावर उडतं? तीच ही लिफ्ट, डोळ्यांना दिसणारी. पाण्याला उचलणारा वारा आठशे ग्रॅमच्या विमानाचं काय करेल. पण त्या दिवसांत धुकं, पाऊस, निसरडा कडा, त्यामुळे तिथं जाऊन उडवा असं मी लिहिणार नाही.

हिवाळ्यात आणि पुढं उन्हाळ्यात कामशेतकडच्या टेकड्यांवर दुपारनंतर पश्चिमेचा मंद वारा लागतो, पॅराग्लायडिंगवाले त्यावरच असतात. त्यांच्या उड्डाणाच्या जागेपासून लांबची, पश्चिमेला तोंड असलेली, गवताची टेकडी शोधा, मालकाला विचारा, गवत वाळलेलं असतं म्हणून विडी-काडी लांब. आणि तिथं माझा सगळा वरचा उपदेश उलटा करा, शिसं काढा, हलक्यात हलकं मॉडेल घ्या, मोठा पंख, ताशी १५ किलोमीटर वाऱ्यात तरंगेल असा. जागा शोधायला यंत्र नको. चार वाजता टेकडीवर जाऊन बसा आणि घारी बघा. जिथं घार पंख न हलवता उताराला धरून इकडून तिकडं आणि तिकडून इकडं करते ती जागा वहीत लिहा, वेळ आणि वाऱ्याची दिशा पण लिहा, आणि असे सात-आठ दिवस जमले की मग मला परत पत्र टाका.