गाठ निघाली, पण अडकलेल्या दाताचं काय?

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. वरच्या पटाशीच्या दातांपैकी उजवा येऊन दीड वर्ष झालं. डावीकडे अजून दुधाचाच दात आहे. एक्स-रेमध्ये त्याच्या वर बारीक दातांचा पुंजका दिसतो. डॉक्टर त्याला ओडोन्टोमा म्हणतात. हा कॅन्सर तर नाही? तो काढला की दात आपोआप येईल का?

उत्तर: ओडोन्टोमा म्हणजे कॅन्सर नव्हे. दात घडवणाऱ्या पेशींची घडण चुकते आणि एका दाताच्या वाटेवर इवल्या दातांचा पुंजका तयार होतो. तो सहसा दुखत नाही, त्यामुळे दात अडेपर्यंत कळतही नाही. जोडीचा दात येऊन ६ महिने झाले तरी दुसरा आला नाही, तर एक्स-रे काढावाच.

शस्त्रक्रियेत हिरडी उचलून हाडाला छोटी खिडकी पाडतात आणि सगळे तुकडे भोवतीच्या आवरणासकट काढतात. एखादा तुकडा राहिला तर दाताची वाट अडलेलीच राहते, म्हणून टाके घालण्यापूर्वी एक्स-रे घेऊन खात्री करणं चांगलं. दुधाचा दातही तेव्हाच काढतात. काढलेला भाग तपासणीला पाठवायला सांगाच. गाठ पुन्हा होणं दुर्मीळ आहे.

आता खरा प्रश्न अडकलेल्या दाताचा. त्याचं मूळ अर्धवट असेल, दात सरळ असेल आणि जागा मोकळी असेल तर काही महिने वाट पाहता येते. पुष्कळदा तो स्वतःहून उतरतो. दात फार वर किंवा आडवा असेल, तर त्याच शस्त्रक्रियेत त्यावर बारीक साखळी अडकवलेलं इवलं बटण चिकटवून, पुढे दात ओढता यावा म्हणून साखळी बाहेर आणतात व हिरडी परत शिवतात. हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर मुलाला दुसऱ्यांदा टेबलावर झोपवावं लागतं. रक्त किंवा लाळ लागलेल्या दातावर बटण टिकत नाही, हे साखळी निसटण्याचं नेहमीचं कारण. पुढे ब्रेसेसच्या आधाराने अगदी हलक्या जोराने ओढायचं. घाई केली तर मूळ झिजतं. शेजारचे दात कलून जागा बुजली असेल तर आधी ती उघडावी लागते. सारं मिळून वर्षभर किंवा जास्तही लागतं. दात हाडाला चिकटलेला असला तर तो हलत नाही, उलट शेजारचेच दात वर खेचले जातात. असं दिसलं की ओढणं तिथेच थांबवायचं.

अडकलेला दात उपटण्याचा सल्ला मिळाला तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे ब्रेसेस लावून दात जागेवर आणणाऱ्या दंततज्ज्ञाचं, मत घ्या.

प्रश्न: मुलगी ११ वर्षांची आहे, वरचा सुळा आलेला नाही. थांबावं का?

उत्तर: दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे फुगवटा लागला तर थोडं थांबता येईल. एकीकडेच लागला किंवा कुठेच नाही, तर लगेच एक्स-रे काढा. सुळा टाळूकडे वळलेला असला आणि जागा पुरेशी असली, तर या वयात दुधाचा सुळा काढल्यावर तो कित्येकदा वाटेवर येतो. वर्षभरात फरक पडला नाही तर साखळीचा मार्ग आहेच.