सेमिनारच्या सकाळची एक गोळी

प्रश्न : मॅडम, मी दापोलीला बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर गुहागर तालुक्यात, सुपारीची वाडी आहे. दुसऱ्या वर्षाला असताना फार घाबरायला व्हायचं, झोप उडाली होती. कोल्हापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम सुरू केली. चौदा महिने घेतली, बरं वाटलं. शिमग्याला आत्याने स्थळ आणलं, गोळ्या कुणाच्या नजरेला पडायला नकोत म्हणून त्याच दिवशी बंद केल्या. डॉक्टरांना कळवलेलं नाही. पहिले दहा-बारा दिवस चक्कर यायची, डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, भलतीच स्वप्नं पडायची. सहा आठवडे झाले, आता ते थांबलंय. पण चार आठवड्यांनी माझा सेमिनार आहे, विषय सुपारीवरचा कोळे रोग. नुसता विचार आला तरी छाती धडधडते, हात कापतात, आवाज फुटत नाही. आजवर ग्रुपच्या कामात स्लाइड मी करायचे आणि बोलायची मैत्रीण. उरलेल्या पाकिटातली एक गोळी त्या दिवशी सकाळी घेऊ का? रूममेटच्या वडिलांना धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल दिलीय, ती म्हणते त्यातली अर्धी घे. मला लहानपणापासून दमा आहे, एरवी तब्येत ठीक. पुढच्या वर्षी रावे, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचं सत्र आहे, तिथे तर गावकऱ्यांसमोर बोलावं लागणार. ज्यात चारचौघांत बोलावं लागत नाही असं एखादं करिअर सुचवा. नाहीतर शिक्षण सोडते आणि घरची वाडी बघते.

उत्तर :

दम्याचं तू जाता जाता एका ओळीत लिहिलंस, पण मी सुरुवात तिथूनच करते. प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्या माणसाने घ्यायची नसते. त्या गोळीने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात, आणि अशा वेळी तुझा नेहमीचा पंपही पुरेसा लागू पडत नाही. हाताची थरथर थांबवायला गेलीस आणि श्वासच अडला, तर वर्गात काय होईल याचा विचार कर. रूममेटचा हेतू चांगला आहे, पण दुसऱ्याच्या नावाची गोळी ती दुसऱ्याचीच. आज संध्याकाळी तिला तसं सांगून टाक.

आता उरलेल्या पाकिटाचं. एस्सिटालोप्रॅम डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, तुलाही पहिल्या दिवशी फरक पडला नसणार, आठवून बघ. त्यामुळे सेमिनारच्या सकाळी एक गोळी घेऊन भीती जाणार नाही. झालीच तर मळमळ होईल.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं चिपळूणला मुलांना करिअरचं मार्गदर्शन करते, त्यामुळे गोळी परत सुरू कर की करू नकोस हे मी सांगणार नाही. पण एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच आला होता. कॅम्पस मुलाखतीसाठी डोकं हलकं राहावं म्हणून त्याने स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या होत्या. मी त्याला ‘हिंमत केलीस’ म्हटलं. कशा बंद केल्यास, कोणाला विचारून, हे विचारलंच नाही. पुढचे कितीतरी आठवडे त्याला धड झोप नव्हती आणि ती नोकरी गेली. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : गोळी कशी सुटली?

तुझी एका दिवसात सुटली. ही औषधं एकदम थांबवली की चक्कर, करंट गेल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून तर ते डोस हळूहळू उतरवतात. तो त्रास बहुधा गोळी थांबवल्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतो. मूळ आजार परत येतो तेव्हा तो सावकाश, आठवड्या-आठवड्याने वाढत येतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे साधी सेमिनारची भीती, जी तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना असेल. तुझ्या बाबतीत यातलं काय किती आहे, ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांना सोपं जावं म्हणून एका वहीत रोज दोन ओळी लिही : किती झोपलीस, काय खाल्लंस, धडधड कधी झाली आणि तेव्हा काय चाललं होतं. धडधड फक्त सेमिनारच्या विचाराने होते की अंघोळ करतानाही, हा फरक डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

कोल्हापूरला जायचं तर घरी कारण सांगावं लागेल, हे मला कळतं. आधी फोन कर, बरेच डॉक्टर जुन्या पेशंटशी फोनवर बोलतात. ते जमलं नाही तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. आपल्याकडे ‘ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा’ असं चेष्टेत म्हणतात, आणि त्या एका वाक्यापायी शेजारचं सोडून माणसं शे-दीडशे किलोमीटर लांबचा डॉक्टर धरतात. तूही धरलास. त्यात तुझी चूक नाही, पण पुढच्या वेळी चेष्टेला घाबरून एवढा प्रवास करू नकोस. झोप पूर्णच उडाली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर वही, सेमिनार सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी आईला सांगायचं आणि फोन करायचा.

आईला हा एक परिच्छेद वाचून दाखव. काकी, मुलीच्या थायरॉइडच्या गोळ्या असत्या तर त्या आत्यापासून लपवल्या असत्या का? लपवल्याही असत्या कदाचित, स्थळांचा बाजार मला माहीत आहे. पण लपवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तिला दिलेला आहे. कोणाला कधी सांगायचं ते तिला ठरवू दे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. पत्रात एक वाक्य आहे, स्लाइड मी करायचे आणि बोलायची मैत्रीण. गोळीने त्या चौदा महिन्यांत तुझी भीती कमी केली, पण कोणतीही गोळी बोलायला शिकवत नाही. तुला बरं वाटत होतं तेव्हाही तू उभी राहिली नाहीस, कारण मैत्रीण होती. म्हणजे गोळी सुटल्यामुळे तुझं बोलणं बिघडलं असं मला वाटत नाही, ते मुळात शिकायचंच राहून गेलं होतं. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली तरी ते शिकावं लागेल, आणि नाही केली तरीही. त्यामुळे गोळीचा निकाल आणि स्टेजचा निकाल एकाच दिवशी लावू नकोस. गोळीचं डॉक्टरांकडे सोपव. स्टेजचं तुझ्याकडे, त्यात मी मदत करते.

शिकायचं कसं? तुझा विषयच तुझ्या मदतीला आला आहे. कोळे रोगाचा सेमिनार नुसत्या स्लाइडवर करू नकोस. सरांना विचारून शेवटची पाच मिनिटं या रोगावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक ठेव. दहा लिटरचं कर : 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) एका प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत पाच लिटरमध्ये. मोरचूद विरघळायला वेळ घेतं, ते आधीच भिजवून ठेव. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओत आणि लाकडी काठीने ढवळत राहा. आकाशी रंग उतरला की लोखंडी सुरी बुडवून ठेव. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं राहिलंय, अजून चुन्याची निवळी घाल. थर आला नाही तर फवारायला तयार.

आता ह्यात काय होतं बघ. ओतायला दोन्ही हात लागतात, मग ते कापायचे कसे? कापले तरी ढवळताना दिसत नाहीत. सगळ्यांचे डोळे तुझ्या चेहऱ्यावरून सुरीवर जातात. तुझं स्वतःचं लक्षही ‘मी कशी दिसतेय’ यावरून पात्यावर जातं, आणि भीतीचं अर्धं खाद्य म्हणजे ते स्वतःकडे लागलेलं लक्षच असतं. शिवाय सुरी बुडवल्यावर थांबावंच लागतं. त्या वेळात गप्प राहिलीस तर कोणाला ते अडखळणं वाटत नाही.

लेझर पॉइंटर मात्र घेऊ नकोस. हाताची थरथर तो लाल ठिपका करून पडद्यावर दाखवतो. सुटा कागदही नको, जाड पुठ्ठ्याची तीन कार्डं कर. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ, शेवटचं वाक्य तोंडपाठ, मधलं पाठ करायचं नाही. सगळं पाठ केलं की एक शब्द निसटला तरी सगळी माळ ओघळते. सकाळी उपाशीपोटी चहा टाळ. उभी राहण्याआधी चार-पाच वेळा श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव. बाकी पुस्तकातले उपाय मला फारसे लागू पडलेले दिसले नाहीत. आरशासमोर बोलणं तर मुळीच नाही, त्यात परत स्वतःकडेच बघणं आलं.

चार आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात वाडीत जा आणि सुपारीच्या झाडांना सेमिनार सांग, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर. घरून दापोलीला येताना धोपाव्याहून दाभोळची फेरीबोट धरत असशील तर तिच्या कठड्याला उभी राहून मोठ्याने म्हण. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही, पण माणसं आजूबाजूला असतात, ती सवय होते. मग घरी पडवीत, आई आणि आत्यासमोर. आत्यासमोर मुद्दाम. मग होस्टेलवर दोघींसमोर, मग रिकाम्या वर्गात सर मागच्या बाकावर. एक पायरी एकदा करून पुढे जायचं नाही. तीच पायरी तीन-चार वेळा, कंटाळा येईपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं : धडधड टिपेला असताना पळायचं नाही. दोन-चार मिनिटं तग धर, ती आपोआप उतरायला लागते. टिपेला असताना बसलीस तर मनाची एवढीच समजूत होते की बसल्यामुळे वाचलो.

अजून एक, हे तुमच्या गावातच आहे. देवळात गाऱ्हाणं घालताना बघितलं आहेस. गाऱ्हाणं घालणारा एकटा बोलतो, पण प्रत्येक वाक्यामागे मंडळी ‘होय महाराजा’ म्हणतात. तेवढ्यात त्याला दम घ्यायला आणि पुढचं आठवायला उसंत मिळते. कोकणातल्या कित्येक साध्या माणसांना शे-दोनशे लोकांपुढे तोंड उघडता येतं ते ह्या ‘होय महाराजा’मुळे, असं माझं मत आहे. तुझ्या सेमिनारमध्येही तो घाल. दुसऱ्याच मिनिटाला विचार, ‘कोणाकोणाच्या घरी सुपारी आहे? पावसात हिरवी फळं गळून पडलेली कोणी बघितलीत?’ हात वर होतील, दोघं-तिघं बोलतील, आणि तेवढ्यात तू पाण्याचा घोट घे. मग कोळे रोगामागचा तो बुरशीसारखा जीव, फायटोफ्थोरा, काढ.

करिअरचं थोडक्यात सांगते, कारण आज ठरवायचं ते नाही. तुला वाटतं संशोधनात गेलं की बोलावं लागत नाही. एम.एस्सी.ला उलट सेमिनार जास्त आणि शेवटी प्रबंधाची तोंडी परीक्षा. कृषी खात्यात गेलीस तर शेतकऱ्यांशी बोलणं हेच काम. बँकेच्या कृषी अधिकारी पदाला आयबीपीएसची (बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) मुलाखत 100 गुणांची असते, पण अंतिम यादीत तिचं वजन 20 टक्के आणि मुख्य परीक्षेचं 80. राज्यसेवेच्या 2025 पासूनच्या पद्धतीत लेखी 1750 गुणांची आणि मुलाखत 275 ची. म्हणजे मुलाखत आहे, पण पेपरातल्या कष्टांना ती गिळत नाही. माती परीक्षणाची प्रयोगशाळा, ऊतिसंवर्धन, प्रक्रिया उद्योगातलं गुणवत्ता तपासणीचं काम, इथे बोलणं कमी असतं. ते काम तुला आवडत असेल तर जरूर जा. बोलावं लागत नाही म्हणून जाऊ नकोस. गोळी सुटून दोन महिनेही झाले नाहीत, अशा दिवसांत पुढच्या तीस वर्षांचा रस्ता धरायचा नसतो. आणि घरची वाडी बघेन म्हणतेस, तर सुपारीच्या व्यापाऱ्याशी भाव तुझ्या वतीने कोण करणार? तिथे तर ‘होय महाराजा’ म्हणायलाही कोणी नसतं.

रावेची भीती आत्ता बाळगू नकोस. गावात ‘कृषिकन्या’ म्हणून राहशील तेव्हा समोर वीसेक शेतकरी असतील, त्यातले निम्मे तुझ्या काकांच्या वयाचे. एखादा म्हातारा मध्येच म्हणेल, ‘काय गो पोरी, चुना कमी पडला वाटतं?’ तो तुला पाडायला बोलत नसतो, त्याला खरंच सुरी बघायची असते. त्याच्या हातात सुरी दे आणि बुडवायला सांग.

माझं म्हणशील तर 1994 साली पहिल्या मुलाखतीला मी पाण्याचा पेला उचलला आणि निम्मा साडीवर सांडला. ओल्या साडीने पंधरा मिनिटं बसले. नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या मुलाखतीला पेल्याला हात लावला नाही, एवढंच शिकले होते, पण तेवढं पुरलं.

या आठवड्यात कोल्हापूरला फोन, रूममेटला नकार, आणि कळीचा चुना कुठे मिळतो त्याची चौकशी. जुना फुटलेला चुना घेऊ नकोस, त्याने मिश्रण नीट साधत नाही. सेमिनार झाला की दोन ओळी लिही. किती गुण मिळाले ते नाही कळवलंस तरी चालेल, सुरीवर तांबूस थर आला का, तेवढं कळव.