तुती, शेतूर आणि शहतूत

प्रश्न : आमच्या परसात तुतीचे झाड आहे. सुरतेकडचे नातेवाईक त्याला ‘शेतूर’ म्हणतात आणि हिंदी बोलणारे शेजारी ‘शहतूत’ म्हणतात. ही झाडे वेगवेगळी आहेत का? शिवाय रोपवाटिकेतून ‘पांढरी तुती’ म्हणून आणलेल्या या झाडाला काळी फळे लागतात. आमची फसवणूक झाली का?
— एक वाचक, नवापूर

उत्तर : झाड एकच आहे आणि नावही मुळात एकच आहे. फारसी व अरबी भाषांत या फळाला ‘तूत’ म्हणतात. त्याचीच मराठीत ‘तुती’ झाली. ‘शहतूत’मधील ‘शह’ म्हणजे ‘शाह’, अर्थात राजा. उत्तम प्रतीचे फळ या अर्थाने तो पुढे जोडला गेला, आणि त्याच शब्दाचे झिजलेले रूप म्हणजे गुजरातीतील ‘शेतूर’. ज्या गावाच्या रेल्वे स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते, तेथे एका झाडाला तीन नावे असावीत यात नवल नाही.

फसवणुकीची शंका मात्र सोडून द्यावी. ‘मोरस अल्बा’ या शास्त्रीय नावात ‘पांढरी’ असा अर्थ असला, तरी त्या जातीच्या झाडांना पांढरी, गुलाबी किंवा जांभळट काळी अशी कोणतीही फळे येऊ शकतात. खरी काळी तुती, म्हणजे ‘मोरस नायग्रा’, ही पश्चिम आशियातील निराळी जात असून आपल्याकडे ती क्वचितच आढळते. रेशीम किड्यांना पाला घालतात तो प्रामुख्याने पांढऱ्या तुतीचा. त्या किड्याच्या ‘बॉम्बिक्स मोरी’ या नावातही तुतीचेच लॅटिन नाव आहे. चवीच्या दृष्टीने तर आपण भाग्यवानच आहात, कारण पांढरी फळे नुसती गुळमट लागतात, तर काळ्या फळांच्या गोडीला आंबटपणाची जोड असते.

आपण ज्याला एक फळ समजतो, तो वास्तविक अनेक फळांचा घोस असतो. प्रत्येक मणी एका स्वतंत्र फुलापासून तयार होतो आणि त्यातील रसाळ भाग म्हणजे त्या फुलाच्या फुगलेल्या पाकळ्यांसारखी आवरणे होत. फणसाची रचना याच धर्तीची आहे, आणि फणस, वड, पिंपळ व उंबर हे सारे तुतीच्याच कुळातले आहेत. फळे नव्या फुटीवर येत असल्याने हंगाम संपताच हलकी छाटणी करावी. तोडताना मात्र घाई करू नये. पिकलेले फळ बोट लागताच सुटते, आणि हिसडा द्यावा लागला तर ते अजून आंबट आहे असे समजावे.