वाचकांचे प्रश्न : ह्यूगो प्रॅटचा काळा रंग

प्रश्न : ह्यूगो प्रॅट या इटालियन चित्रकाराच्या 'कोर्तो माल्तेझे' या चित्रकथेची पानं पाहून मी रंकाळ्यावरची रात्र ब्रशनं काढतोय. पण शाई फुटते, काळा भाग राखाडी दिसतो आणि पान गिचमिड होतं. मोजक्या रेषांत कसं जमवायचं?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मोजक्या रेषांनी प्रॅटनं सुरुवात केलीच नव्हती. 1927 साली जन्मलेला, व्हेनिसमध्ये वाढलेला हा चित्रकार ऐन विशीत ब्युनॉस आयर्सला गेला. तिथं ओएस्तेरहेल्ड या लेखकाच्या कथांवर त्यानं 1953 पासून 'सार्जंट कर्क' आणि 1957 पासून 'अर्नी पाइक' या चित्रकथा काढल्या. मिल्टन कॅनिफ या अमेरिकन चित्रकाराचा त्याच्यावर मोठा पगडा होता. सावली रेघोट्यांनी न भरता ब्रशनं सलग काळी टाकायची, हे तो तिथून शिकला. कोर्तो आला 1967 मध्ये, आणि त्या पहिल्या कथेतही बारीक रेषा भरपूर आहेत. त्या पुढं हळूहळू गळत गेल्या. म्हणून तुम्ही आधी 'अर्नी पाइक'ची पानं अभ्यासा.

आता रंकाळा. पेन्सिलीनं तपशील काढण्याआधी 5 बाय 7 सेंटिमीटरच्या चौकोनात फक्त काळं-पांढरं ठरवा. शालिनी पॅलेस मनोऱ्यासकट एकाच काळ्या आकारात घ्या, पाणी कोरं सोडा, प्रतिबिंबाला तीन-चार आडवे फटकारे पुरेत. खिडक्या मोजत बसलात की गिचमिड झालीच म्हणून समजा. छोट्या चौकोनात चित्र कळत नसेल, तर मोठ्या कागदावरही कळणार नाही.

शाई फुटते ती बहुतेक वेळा कागदामुळं. पातळ कागदाला खळ कमी असते, त्यात आपल्याकडं जुलैत तो दमट होतो. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, गुळगुळीत कागद घ्या आणि पावसाळ्यात बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. काळा राखाडी होण्याची कारणं दोन. बाटलीच्या तळाशी काजळी बसते, म्हणून वापरण्याआधी ती हलवून घ्या. दुसरं, 4बी पेन्सिलीच्या गडद रेघांवर शाई नीट धरत नाही, आणि नंतर खोडरबर फिरवला की शाईचा थरही निघतो. एचबीनं हलकं काढा, शाई रात्रभर वाळू द्या, मगच खोडा. पेन्सिल पुसल्यानंतर मोठे काळे भाग पुन्हा एकदा भरा.

ब्रश 2 किंवा 3 नंबरचा, टोक जुळणारा. केस अर्ध्यापर्यंतच बुडवा. शाई पत्र्याच्या कडीत शिरून वाळली की केस फाकतात, मग तो ब्रश रेषेच्या कामाचा राहत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी धुवत राहा.

चित्र ए3वर काढून ए4वर छापणार असाल, तर 0.3 मिलिमीटरची रेघ 0.2च्या आसपास येते. त्याहून बारीक रेघा छपाईत तुटतात.

उत्तरकाळात प्रॅट फेल्ट पेनही वापरायचा. तुम्हालाही वापरायचं असेल, तर पिगमेंट (रंगकणांच्या) शाईचंच घ्या. साध्या मार्करचा काळा उजेडानं विटतो.