सगळे सोनीच घेतात, मग आम्हीही घ्यायचा का?

चिपळूणहून एका आईने लिहिलंय: मुलगा बारावी झाला, लग्नांचे फोटो काढायचा व्यवसाय करायचा म्हणतो. ‘प्रोफेशनल लोक आता सोनीच वापरतात’ म्हणून पावणेदोन लाखांचं कर्ज काढून सोनीची बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यायचा हट्ट धरलाय. घ्यावी का?

ताई, नमस्कार.

मुलाचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. सोनीने फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा 2013 मध्ये आणला. कॅनन आणि निकॉन त्यात उतरले थेट 2018 ला. शिवाय सोनीच्या माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) सिग्मा, टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त आणि चांगल्या लेन्स भरपूर. कॅननने आपल्या मिररलेसच्या आरएफ माउंटचं दार या कंपन्यांना 2024 मध्ये किलकिलं केलं, तेही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही 2020 मध्ये सोनी निवडला. पण क्रिकेटच्या मैदानाकडेला बघा, कॅननच्या लांब पांढऱ्या लेन्स अजून दिसतातच.

तरी हे सगळं बाजूला ठेवा. त्याला पहिली दोन वर्षं काम देणार ते चिपळूण-रत्नागिरीतले स्टुडिओवाले, सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा, म्हणून. आणि त्यांना आपल्याच ब्रँडचा पोरगा बरा पडतो. बॅटरी संपली तर त्यांची चालते, लेन्स मागून घेता येते. फ्लॅशचा ट्रिगरही ब्रँडप्रमाणे वेगळा असतो. एकाच लग्नात दोन ब्रँड आले की नवरीच्या चेहऱ्याचा रंग दोन तऱ्हेचा येतो, आणि अल्बमवाला तो जुळवत बसतो. म्हणून मुलाला आधी चार स्टुडिओंत पाठवा. त्यांच्या गळ्यात जो ब्रँड, तोच घ्यायचा.

बॉडीवर निम्म्याहून जास्त पैसे घालू नका. उरलेल्यात 24-70 एफ 2.8 ही कमी उजेडातही चालणारी झूम लेन्स (सेकंडहँड चालेल), फ्लॅश, दोन जादा बॅटऱ्या आणि चांगली कार्डं. बॉडीला दोन कार्डांचे स्लॉट हवेतच. कॅनन आर 8 ला एकच आहे. एक कार्ड ऐनवेळी खराब झालं तर मुहूर्त काही पुन्हा लागत नाही. जुनी बॉडी घेताना शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले) विचारायचा: सोनी ए 7 थ्री चा शटर कंपनीच्या हिशेबाने 2 लाख क्लिकचा, त्यातले दीड लाख झाले असतील तर भाव पाडून मागायचा. बिलाशिवायचा, बाहेरून आलेला माल नको, त्याला इथली वॉरंटी मिळत नाही.

ब्रँड कुठलाही असो, नवखी मुलं फसतात ती अंतरपाट खाली येताना. अक्षता उडतात आणि फोकस नवरीऐवजी पुढच्या तांदळावर बसतो. डोळ्यांचा फोकस (कॅमेरा आपोआप डोळे धरतो तो) चालू ठेवून, आधीच चेहरा पकडून ठेवायला लागतो. दुसरं, हॉलच्या एलईडी दिव्यांत सायलेंट (आवाज न करणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक) शटरने फोटोवर आडवे पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटर, स्पीड 1/100 सेकंदाच्या आसपास.

तुमच्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. कपाटात, चामड्याच्या पिशवीत मुळीच नको.

कर्ज मात्र आत्ता नको. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होईल. तेवढा एक सीझन त्याने भाड्याच्या बॉडीवर कुणाच्या तरी हाताखाली काढावा. मिळालेल्या ऑर्डरी आणि हातात आलेले पैसे वहीत लिहून ठेवायला सांगा. हप्ता किती झेपेल ते त्या वहीवरून ठरवा.